नदीचा पूर आणि अर्धा गार हीटर

कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान कितपत भरवशाचे असते, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील, म्हणजे ज्ञानाच्या साधनांची तपासणी करणाऱ्या शास्त्रातील, एक जुना आणि अजूनही पुरता न मिटलेला प्रश्न आहे. कारणावरून कार्याकडे जाताना बुद्धीला फारसे अडखळावे लागत नाही. आभाळ भरून आले, आता पाऊस येणार, असे म्हणणारा माणूस चुकला तरी त्याच्या विचाराची दिशा घटनांच्या दिशेशी जुळलेली असते. उलट वाटेने निघालेल्याची अडचण वेगळी आहे, कारण त्याच्यासमोर कार्य एकच असते आणि त्यामागे उभी राहू शकणारी कारणे अनेक असतात. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितलेले आहेत, आणि ५व्या शतकाच्या सुमारास त्या सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने त्यांतील शेषवत् या प्रकाराचे दोन अर्थ दिले आहेत. पहिल्या अर्थाने शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाचे अनुमान. नदी दुथडी भरून वाहताना दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला असे जाणणे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दुसऱ्या अर्थाने शेषवत् म्हणजे परिशेष, म्हणजेच संभाव्य पर्याय एकेक करून बाद करत गेल्यावर जो उरतो त्याचा स्वीकार. भाष्यकाराने हे दोन अर्थ ‘किंवा’ म्हणून शेजारीशेजारी ठेवले. पण बिघडलेले यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या हातात ते दोन्ही एकाच वेळी असतात आणि एकावाचून दुसरा लंगडा पडतो. म्हणून या प्रश्नाची चर्चा दूरच्या पुरापेक्षा हाताशी असलेल्या यंत्रावर करणे सोयीचे ठरते. आणि त्यासाठी मोटारीच्या हीटरइतके, तेही पूर्ण बंद पडलेल्या नव्हे तर एका बाजूने ऊन आणि दुसऱ्या बाजूने गार वारा सोडणाऱ्या हीटरइतके, चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

मिनेसोटा किंवा ऑन्टारिओसारख्या प्रदेशांत, जेथे हिवाळ्यात पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो, तेथे हीटर ही चैन नसते. समोरच्या काचेवर साचणारे दव आणि हिम वितळवून रस्ता दिसता ठेवणे हे त्याचे मुख्य काम असते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे सांगावे लागत नाही, पण महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या डिसेंबरातही ते बटण क्वचितच दाबले जाते, म्हणून त्याची रचना थोडी उलगडून सांगणे भाग आहे. पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या गाडीत हीटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. इंजिनाची नको असलेली उष्णता तो उसनी घेतो. इंजिन तापून बिघडू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण फिरत असते, त्याला कूलंट म्हणतात. हे मिश्रण पंपाने फिरते, आणि साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडणारा थर्मोस्टॅट नावाचा व्हॉल्व्ह त्याचे तापमान राखतो. तापलेल्या कूलंटचा एक फाटा दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या एका लहान रेडिएटरमध्ये जाऊन परत येतो. या रेडिएटरला हीटर कोअर असे नाव आहे. ब्लोअरचा पंखा हवा ढकलतो, आणि एक झडप ठरवते की त्या हवेपैकी किती कोअरमधून जाईल आणि किती त्याला वळसा घालून जाईल. ज्या गाड्यांत चालकाला आणि शेजारच्या प्रवाशाला वेगवेगळे तापमान ठेवता येते, त्यांत कोअर बहुधा एकच असते. त्याच्यापुढच्या हवेच्या वाटेत मधोमध पडदा घातलेला असतो आणि प्रत्येक बाजूला वेगळी झडप व ती फिरवणारी वेगळी लहान मोटर असते, जिला अ‍ॅक्चुएटर म्हणतात.

नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर डावीकडच्या ऊन वाऱ्याची एक कारणसामग्री आहे, म्हणजे ज्या सगळ्या गोष्टी एकत्र जमल्यावाचून कार्य होत नाही त्यांचा समुच्चय आहे. या सामग्रीत काही कारणे साधारण, म्हणजे अनेक कार्यांना सामाईक, आणि काही असाधारण, म्हणजे त्या एकाच कार्यापुरती, असा भेद शास्त्राने केलेला आहे. शास्त्रातील साधारण कारणांच्या यादीत ईश्वर, काल, दिशा आणि अदृष्ट यांचाही समावेश होतो. हीटरच्या चर्चेत ती चारही गृहीत धरून पुढे जायला कोणत्याही मिस्त्रीची हरकत नसावी. उरलेल्यांपैकी इंजिन, पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, कोअर आणि ब्लोअर ही दोन्ही बाजूंना सामाईक आहेत. झडप, तिची मोटर आणि त्या मोटरीची तार ही मात्र ज्या त्या बाजूची आहेत. डावा वारा गार आणि उजवा ऊन असे आढळले की पहिले अनुमान आपोआप सुचते: सामाईक कारण बिघडते तर दोन्ही बाजू गार पडल्या असत्या, उजवी बाजू ऊन आहे, म्हणून सामाईक कारणे निर्दोष आहेत आणि दोष डाव्या बाजूच्या स्वतःच्या कारणांत, म्हणजे झडपेत किंवा तिच्या मोटरीत आहे. ही मांडणी इतकी नेटकी आहे की ती खोटी ठरू शकते याकडे लक्षच जात नाही.

ती खोटी ठरते, आणि कशी ठरते हे पाहण्यात या उदाहरणाचे निम्मे मोल आहे. हीटर कोअर म्हणजे दोन टोकांना दोन छोट्या टाक्या आणि त्यांच्या दरम्यान चपट्या, अरुंद नळ्यांची रांग. गाडीतील कूलंट वर्षानुवर्षे बदलले नाही, किंवा एका जातीच्या कूलंटमध्ये न जुळणाऱ्या दुसऱ्या जातीचे कूलंट ओतले गेले, किंवा गळती थांबवण्यासाठी बाटलीतली पूड टाकली गेली, तर गंज आणि गाळ या नळ्यांत बसतो, आणि तो सगळ्या नळ्यांत सारखा बसेलच असे नाही. जेथे प्रवाह मंद असतो त्या नळ्या आधी तुंबतात. अशा वेळी कोअरचा एक भाग तापतो आणि दुसरा कोमट राहतो. आणि हवेच्या वाटेतला पडदा नेमका त्या दोन भागांच्या मध्ये आला, तर एका बाजूचा प्रवासी ऊन वाऱ्यात आणि दुसऱ्या बाजूचा गारठ्यात बसतो, जरी दोन्ही झडपा चोख काम करत असल्या तरी. कूलंट कमी झाले आणि कोअरच्या वरच्या किंवा दूरच्या कोपऱ्यात हवा अडकली तरी परिणाम असाच दिसू शकतो. म्हणजे बिघाड सामाईक कारणात आणि त्याचा परिणाम मात्र एकतर्फी, ही स्थिती शक्य आहे. ‘सामाईक कारणाचा दोष दोन्हीकडे दिसतो’ या व्याप्तीला, म्हणजे दोन गोष्टींच्या नियत साहचर्याला, येथे तडा जातो.

असा तडा कोठून येतो हे सांगण्यासाठी नैयायिकांनी ‘उपाधी’ ही संकल्पना घडवली. जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणणे चुकीचे आहे, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. ते साहचर्य ओल्या इंधनाच्या अटीवर अवलंबून आहे, आणि ही लपलेली अट म्हणजे उपाधी. हीटरच्या बाबतीत लपलेली अट अशी की सामाईक साधन दोन्ही बाजूंना आपला वाटा सारखा वाटत असले पाहिजे. कोअर स्वच्छ आणि कूलंटने पूर्ण भरलेले असेपर्यंत ही अट पाळली जाते, आणि म्हणूनच ती कोणाच्या लक्षात येत नाही. काही गाड्यांत तर रचनाच निराळी असते. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या काही मॉडेलांत दोन बाजूंसाठी कूलंटचे दोन वेगळे व्हॉल्व्ह ठेवलेले होते, तेव्हा तेथे ‘सामाईक’ म्हणून गृहीत धरलेला जलप्रवाहही प्रत्यक्षात बाजूबाजूचा होता. एका मॉडेलवर शिकलेली व्याप्ती दुसऱ्या मॉडेलवर लावताना मुरलेले कारागीरही फसतात ते यामुळेच. त्यांचा अनुभव खरा असतो, पण त्याची उपाधी त्यांना ठाऊक नसते.

एकाच कार्याला अनेक कारणे असू शकतात हे मान्य केले की शेषवत् अनुमानच धोक्यात येते, ही गोष्ट न्यायपरंपरेने फार लवकर ओळखली होती. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकात एक आक्षेप मांडलेला आहे. नदीला पाणी चढले म्हणून पाऊस झाला असे म्हणता येत नाही, कारण पुढे कोठे बांधाने प्रवाह अडला तरी पाणी चढते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार असे म्हणता येत नाही, कारण त्यांचे वारूळ कोणी मोडले तरी त्या निघतात. आणि मोराचा आवाज ऐकू आला म्हणून तेथे मोर आहे असे म्हणता येत नाही, कारण माणूसही तसा आवाज काढतो. पुढच्याच सूत्रात या आक्षेपाला उत्तर आहे, आणि वात्स्यायनाने त्याचा केलेला विस्तार हा या साऱ्या चर्चेचा कणा मानावा लागेल. त्याचे म्हणणे असे की केवळ पाणी वाढलेले पाहून कोणी पावसाचे अनुमान करतच नाही. ओढ वाढलेली आहे, फेस आला आहे, फळे, पाने, लाकडे वाहून येत आहेत, असा विशिष्ट पूर पाहूनच ते अनुमान होते. आणि बांधामुळे फुगलेल्या पाण्यात या खुणा नसतात. म्हणजे चूक अनुमानाची नाही, ते करणाऱ्याची आहे, कारण त्याने कार्य पुरेसे बारकाईने पाहिलेच नाही.

या उत्तरात एक धाडसी सिद्धान्त दडलेला आहे, आणि पुढे बौद्ध तार्किक व नैयायिक या परस्परविरोधी परंपरांनीही तो आपापल्या रीतीने उचलून धरला. तो असा की कारणांची अनेकता ही बऱ्याच अंशी कार्याच्या ढोबळ वर्णनातून निपजते. कार्याचे वर्णन जसजसे नेमके होत जाते तसतशी त्याच्या संभाव्य कारणांची संख्या घटत जाते, आणि पूर्ण नेमक्या कार्याला कारणही एकच असते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारणांच्या अनेकतेला तर्काची मोठी अडचण म्हणून मांडले, आणि ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९१५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, प्राचीन हिंदूंच्या शास्त्रीय विचाराची मांडणी करताना, या अडचणीला भारतीय तार्किकांनी दिलेल्या उत्तराकडे लक्ष वेधले. ‘डावीकडून गार वारा येतो’ हे वर्णन ‘नदीला पाणी चढले’ या वर्णनाइतकेच ढोबळ आहे. खरा प्रश्न हा की तो गारवा कोणत्या प्रकारचा आहे.

येथे गारवा म्हणजे काय हाच प्रश्न आडवा येतो. वैशेषिक दर्शनात स्पर्शाचे शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत, म्हणजे ऊनही नव्हे आणि गारही नव्हे असा, तीन भेद मानले आहेत. शीत स्पर्श हा पाण्याचा गुण, उष्ण हा तेजाचा, आणि वायूचा स्पर्श मूळचा अनुष्णाशीत. या मताप्रमाणे गार वारा हा शब्दप्रयोगच सैल आहे. वारा गार लागतो तो त्यात मिसळलेल्या जलकणांमुळे. आधुनिक उष्णताशास्त्र शीतत्वाला स्वतंत्र गुण मानत नाही, ते त्यात केवळ उष्णतेची उणीव पाहते. या वादात कोणाचाही पक्ष घेतला तरी हीटरच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट राहते, ती अशी की डावीकडचा गारवा कोणी निर्माण केलेला नाही. बाहेरची हवा जशी आली तशीच पुढे गेली आहे. म्हणून ‘हे गार कशाने झाले’ असे विचारण्याऐवजी ‘हे ऊन का झाले नाही’ असे विचारावे लागते. प्रश्न एखाद्या भावरूप कार्याच्या कारणाचा राहत नाही, कार्य न होण्याच्या कारणाचा होतो.

कार्य का होत नाही, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात एक गाजलेला वाद आहे. विस्तव पेटलेला आहे, पण त्याच्याजवळ विशिष्ट मणी ठेवला की तो जाळत नाही, असे उदाहरण दोन्ही पक्ष घेतात. मीमांसक म्हणतो की अग्नीत दाहशक्ती नावाचा एक वेगळा पदार्थ आहे आणि मणी ती शक्ती नष्ट करतो. नैयायिकाला असा अदृश्य पदार्थ मान्य नाही. त्याच्या मते प्रतिबंधकाचा अभाव हाही सामग्रीचाच एक घटक आहे, मणी आला की तो अभाव जातो, सामग्री अपुरी पडते आणि दाह होत नाही. लाघवाच्या दृष्टीने, म्हणजे कमीत कमी पदार्थ मानून उलगडा करण्याच्या दृष्टीने, नैयायिकाचा पक्ष निश्चितच सरस आहे. पण त्याच्या व्याख्येत एक भेद पुसला जातो: उष्णता आलीच नाही आणि उष्णता आली पण अडवली गेली, या दोन्ही गोष्टी त्याच्या लेखी केवळ सामग्रीतील उणीव ठरतात. तर्काला हे पुरते, दुरुस्तीला पुरत नाही. तुंबलेल्या कोअरमध्ये उष्णता येतच नाही. अडकलेल्या झडपेमागे ती उभी असते, पण हवेची आणि तिची गाठ पडत नाही. या दोन उणिवा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, आणि त्या ओळखण्याच्या कृती अगदी साध्या आहेत.

पहिली कृती ब्लोअरचा वेग कमी करण्याची. दोन्ही बाजूंचे तापमान कमाल ठेवून पंखा सर्वांत मंद केला असता गार बाजूचा वारा हळूहळू कोमट होत गेला, तर त्या बाजूला उष्णता येत आहे, पण थोडी येत आहे आणि वेगाने जाणाऱ्या हवेला पुरत नाही, असे ठरते. मंद हवेला ती पुरते. पंखा मंद करूनही वारा बाहेरच्या हवेइतकाच गार राहिला तर हवा कोअरला वळसा घालून जात असण्याची, म्हणजे झडप गार टोकाला अडकल्याची शक्यता बळावते. दुसरी कृती त्या बाजूची तापमानाची चकती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवण्याची. वाऱ्यात काहीच फरक पडत नसेल तर झडप हलत नाही. फरक पडतो पण पूर्ण ऊब कधीच येत नाही असे असेल तर झडप हलते आहे आणि उणीव तिच्यामागे आहे. तिसरी कृती उभ्या गाडीत इंजिनाचा वेग मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास नेण्याची. त्याने ऊब वाढली तर पंपाचा जोर वाढल्यावर प्रवाह सुधारतो, म्हणजे अडचण कूलंटच्या वाहण्यात आहे. चौथी कृती हीटरला जाणारा आणि तिथून परतणारा, असे दोन्ही रबरी पाइप फिरत्या पट्ट्यांपासून हात जपून क्षणभर चाचपण्याची. दोन्ही सारखेच गरम असतील तर प्रवाह ठीक आहे, आणि परतीचा पाइप स्पष्टपणे थंड असेल तर कूलंट कोअरमध्ये रेंगाळते आहे. या चाचण्यांनी बिघाड दूर होत नाही, वर्णन तेवढे नेमके होते. वात्स्यायनाच्या फेसाची, पानांची आणि लाकडांची जागा येथे त्या घेतात.

फरक एवढाच की नदीच्या काठावर उभा असलेला माणूस खुणा पाहतो, आणि हीटरपुढे बसलेल्याला त्या घडवून आणाव्या लागतात. धर्मकीर्तीच्या, म्हणजे ७व्या शतकातील त्या बौद्ध आचार्याच्या परंपरेत कार्यकारणसंबंध ठरवण्यासाठी दर्शन आणि अदर्शन यांची एक साखळी सांगितली आहे: आधी कार्य दिसत नाही, मग कारण येते, मग कार्य दिसते, नंतर कारण जाते, त्यासरशी कार्यही जाते. ही साखळी निसर्गात आपोआप घडेपर्यंत थांबायचे की ती स्वतः घडवायची, हा भेद ग्रंथांत फारसा ठळक नाही. गॅरेजमध्ये मात्र तोच सर्वस्व असतो. ज्या गाड्यांत दोन्ही बाजूंच्या अ‍ॅक्चुएटर मोटरी अगदी सारख्या असतात, तेथे मिस्त्री डावीची मोटर उजवीला आणि उजवीची डावीला लावून पाहतो. गारठा मोटरीबरोबर उजवीकडे गेला तर दोषी मोटरच. गारठा डावीकडेच राहिला तर दोष झडपेत, तारेत, नियंत्रकात किंवा कोअरमध्ये. अन्वय, म्हणजे हे असताना ते असणे, आणि व्यतिरेक, म्हणजे हे नसताना ते नसणे, ही दोन्ही अंगे एका अदलाबदलीत हाती येतात. एका बाजूने चालू असलेला हीटर पूर्ण बंद पडलेल्या हीटरपेक्षा ज्ञानाच्या दृष्टीने श्रीमंत असतो तो याच अर्थाने: त्यात दृष्टान्त, म्हणजे पडताळ्यासाठी लागणारे सिद्ध उदाहरण, बाहेरून आणावे लागत नाही, तीच गाडी, तेच इंजिन आणि तीच सकाळ असलेली उजवी बाजू शेजारीच असते.

कारणाच्या शोधात सर्वांत जास्त दिशाभूल करणारी गोष्ट म्हणजे आधी घडलेली एखादी ठळक घटना. बॅटरी बदलली आणि दुसऱ्या दिवसापासून डावीकडे गार वारा येऊ लागला, असे कोणी सांगितले की शहाणा माणूस त्याला काकतालीय न्याय म्हणतो: कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच वेळ. १७व्या शतकात विश्वनाथाने अन्यथासिद्ध, म्हणजे कार्याच्या आधी हजर असूनही त्याचे कारण नसलेल्या गोष्टींचे पाच प्रकार मांडले, आणि त्यांत कुंभाराचा बाप, दंडाचा रंग आणि माती वाहून आणणारे गाढव अशी मजेदार उदाहरणे आहेत. मडके घडवण्यात गाढव कारण का नाही? तेच गाढव नसले तरी मडके होते, म्हणून. या कसोटीवर बॅटरीही गाढवाच्या रांगेत बसायला हवी, पण ती बसत नाही. अनेक गाड्यांत झडपांची दोन टोके कोठे आहेत हे नियंत्रक स्मरणात ठेवतो. बॅटरीची जोडणी सुटली की हे स्मरण पुसले जाऊ शकते, आणि फेरजुळणी नीट झाली नाही तर झडप अर्ध्या वाटेवर थांबून तेच आपले टोक समजते. तेव्हा काकतालीय वाटणारी घटना खरे कारण निघते आणि फेरजुळणी करताच ऊब परत येते. डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू येत असेल तर मात्र गोष्ट निराळी. मोटरीतील प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाचे दात गेलेले असतात आणि ती जागच्या जागी घसरत असते. बॅटरी कारण आहे की गाढव आहे, हे तिच्या पूर्ववर्ती असण्यावरून ठरत नाही. ती आणि झडप यांच्यामधला दुवा सांगता येतो की नाही, यावरून ठरते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाची आठल्ये आणि बोडस यांनी १८९७ साली मुंबईहून काढलेली आवृत्ती वापरून पिढ्यानपिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी कारणाचे लक्षण घोकले, पण या दुव्याची मागणी लक्षणाच्या शब्दांपेक्षा उदाहरणांतच अधिक जिवंत राहिली, असे म्हणावे लागते.

चाचण्यांनीही निर्णय झाला नाही तर काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर भारतीय परंपरेत तार्किकांपेक्षा वैद्यांनी अधिक स्पष्ट दिले आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे रोगाचे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चिन्हे, रूप म्हणजे प्रकट लक्षणे, संप्राप्ती म्हणजे रोग घडत जाण्याची प्रक्रिया, आणि उपशय. उपशय म्हणजे ज्या औषधाने, आहाराने किंवा वागण्याने रोग्याला बरे वाटते ते. आणि विमानस्थानात असे सांगितले आहे की ज्या रोगाची लक्षणे गूढ आहेत तो उपशय आणि अनुपशय यांवरून ओळखावा. म्हणजे उपचार हाच पुरावा. सुरुवातीचा उपशय अगदी साधा असतो: इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची टाकी पाहणे आणि पातळी कमी असल्यास भरणे. इंजिन गार असण्याची अट येथे जिवावरची आहे, कारण चालत्या गाडीत कूलंट वातावरणापेक्षा सुमारे १ बार अधिक दाबाखाली असते आणि त्या दाबाला साधे पाणीदेखील १२० अंशांच्या आसपास उकळते. गरम असताना झाकण उघडले की ते उसळून बाहेर येते आणि भाजते. त्यानंतरचा उपशय म्हणजे कोअर धुणे: दोन्ही पाइप सोडवून बागेच्या नळीने, दाब बेताचा ठेवून, नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने पाणी सोडायचे, गाळ निघून जाईपर्यंत सोडत राहायचे, मग नवे कूलंट भरून अडकलेली हवा बाहेर काढायची. जुने कूलंट विषारी आणि चवीला गोड असते, त्यामुळे ते अंगणात सांडू दिल्यास कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेतते; हेही सांगून ठेवले पाहिजे.

पण उपशयाच्या प्रामाण्यात एक खोट आहे. कोअर धुतल्यावर डावीकडची ऊब परत आली, एवढ्यावरून गाळ हेच कारण होते असे सिद्ध होत नाही, कारण त्याच कृतीत हवाही बाहेर निघाली आणि कूलंटची पातळीही भरून निघाली. एका औषधाने तीन रोगांची शक्यता एकदम गेली, तर कोणता रोग होता ते औषध सांगत नाही. वैद्याला हे चालते, कारण रोगी उठून बसला की त्याचे काम झालेले असते. तार्किकाला ते चालत नाही, आणि गाडीच्या मालकालाही चालू नये. हवा अडकली होती असे असेल तर ती कोठून तरी आत शिरली होती, आणि ती वाट गळक्या पाइपाची किंवा इंजिनाच्या हेड गॅस्केटची असू शकते, जिच्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढचा खर्च हीटरपुरता राहत नाही.

चार्वाकाने येथे टाळी वाजवली असती. त्याचे म्हणणे नेहमीचेच आहे की व्याप्ती कधीच निश्चित होत नाही, पाहिलेल्या शंभर उदाहरणांनंतर एकशेएकावे वेगळे निघू शकते, आणि म्हणून अनुमान हे प्रमाण नव्हे. १०व्या-११व्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाने न्यायकुसुमांजलीत त्याला असे उत्तर दिले की शंकेला हद्द असते, आणि ती हद्द व्याघात, म्हणजे स्वतःच्याच कृतीशी येणारा विरोध, ही होय. १२व्या शतकात श्रीहर्षाने हे उत्तर उलटवण्याचा प्रयत्न केला, आणि १४व्या शतकात गंगेशाने त्याला पुन्हा सावरले: धूर हवा असणारा माणूस निःशंकपणे अग्नी शोधतो, तृप्ती हवी असणारा अन्न शोधतो, तोच तोंडाने मात्र कार्यकारणभाव संशयित आहे म्हणतो. उदयन-गंगेशाचा हा पक्ष पुष्कळदा केवळ वादातील कोटी म्हणून वाचला जातो, पण हीटरच्या संदर्भात त्याचा अर्थ अधिक भरीव होतो. कृती शंकेला फक्त खोटे पाडते असे नाही, ती शंका बारीक करत नेते. पंखा मंद करणारा हात, मोटरींची अदलाबदल करणारा हात आणि पाइप चाचपणारा हात हे तिघेही शंका बाळगूनच पुढे सरकतात, आणि प्रत्येक वेळी ‘गार वारा’ या ढोबळ शब्दाचा एक तुकडा गळून पडतो. परिशेष आणि कार्यावरून कारण, हे वात्स्यायनाने ‘किंवा’ने जोडलेले शेषवताचे दोन अर्थ या ठिकाणी एकमेकांत मिसळतात: पर्याय बाद होतात ते कार्य अधिक नेमके कळल्यामुळे, आणि कार्य अधिक नेमके कळते ते पर्याय बाद करण्यासाठी काहीतरी केल्यामुळे.

गाळ की हवा, हा अडलेला निर्णयही याच वाटेने होतो, फक्त त्यासाठी वाऱ्यापुढे धरलेला हात काढून नळीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे लागते. उलट दिशेने सोडलेले पाणी जेथून बाहेर पडते तेथे मुरलेला मिस्त्री एक पांढरी बादली ठेवतो. पहिल्या धारेबरोबर तांबूस-काळे पाणी, गंजाचे पापुद्रे आणि चिकट गाळाचे गोळे बादलीत उतरले, तर नळ्या तुंबलेल्या होत्या याबद्दल फारसा वाद उरत नाही. पहिल्यापासूनच स्वच्छ कूलंट आले आणि तरीही नंतर डावी बाजू ऊन झाली, तर मिस्त्री बादली बाजूला सारतो, टाकीतल्या कूलंटच्या पातळीवर खडूने रेघ ओढतो आणि गाडी आठवड्याने पुन्हा आणायला सांगतो.